रोमच्या छत्री-पाइनला खोडातून इंजेक्शन : आमच्या अंगणातल्या सात झाडांचा अनुभव

पाइनखाली

२०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीखाली उभ्या असलेल्या गाड्यांच्या काचा चिकट व्हायला लागल्या. सकाळी वायपर फिरवला की पाकासारखा पट्टा उमटायचा. महिनाभरात अंगणातली फरशी काळी पडली, चपला चिकटून चटचट आवाज करायला लागल्या, बाकांवर मुंग्यांच्या रांगा लागल्या. वर पाहिलं तर पाइनच्या सुया हिरव्या नव्हत्याच. चुलीच्या धुरावर धराव्यात तशा काळवंडल्या होत्या.

मी रोमजवळ, ओस्तियाच्या बाजूला राहते. आमच्या सोसायटीच्या अंगणात तेव्हा सात छत्री-पाइन होते. रोमचे फोटो पाहिलेल्या प्रत्येकाला हे झाड ओळखीचं असेल: सरळसोट उंच खोड आणि वर उघडलेल्या छत्रीसारखा माथा. आप्पिया आंतिका रस्ता, व्हिला बोर्गेझे, कास्तेल फुझानोचं वन, सगळीकडे हेच. इथल्या जुलैच्या उन्हात या सावलीची किंमत काय, ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही.

कीड कोणती ते आधी सांगते. नाव टौमेयेला पार्विकॉर्निस. आपल्याकडे जिला खवले कीड म्हणतात त्याच कुळातली. मादी लालसर तपकिरी, तीन-चार मिलिमीटरची, पाठीवर कासवासारखी नक्षी. म्हणून इथले लोक तिला 'कासव' म्हणतात. मूळची उत्तर अमेरिकेची. इटलीत ती पहिल्यांदा नेपल्सच्या परिसरात, २०१४ च्या सुमारास सापडली आणि २०१८ मध्ये रोममध्ये पोचली. तिच्या मायदेशी थंडी कडक असते तिथे वर्षाला एकच पिढी होते. इथल्या उबदार हवेत तीन-तीन होतात. पिल्लं इतकी बारीक की वाऱ्यावर सहज उडून पुढच्या झाडावर जातात. ती कोवळ्या फांद्यांतला आणि सुयांमधला गोड रस शोषतात, जास्तीची साखर चिकट्याच्या रूपाने खाली सोडतात, त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते. झाडाचा रसही जातो आणि उन्हाची वाटही बंद होते. दोन-तीन वर्षांत माथा विरळ होतो. मग दुबळ्या झाडाचा वास लागल्यासारखा तोमिकुस नावाचा साल पोखरणारा भुंगेरा येतो आणि उरलंसुरलं काम संपवतो.

आता इंजेक्शनबद्दल. वीस मीटर उंचीच्या झाडावर, खाली मुलं खेळत असताना, फवारणी करणं शक्य नाही; वस्तीत तशी परवानगीही सहजी मिळत नाही. म्हणून औषध खोडातून द्यायचं. औषध आबामेक्टिन. बुंध्याच्या खालच्या भागात, जमिनीपासून थोड्या उंचीवर, खोडाभोवती ठरावीक अंतराने बारीक भोकं पाडायची, ती सालीपलीकडे बाहेरच्या ओल्या लाकडापर्यंतच न्यायची आणि त्यातून औषध आत सोडायचं. मुळांकडून वर चढणाऱ्या पाण्याबरोबर ते सुयांपर्यंत जातं. ३ जून २०२१ च्या सरकारी आदेशाने या किडीचा बंदोबस्त करणं इटलीत बंधनकारक झालं. आबामेक्टिनला मात्र पाइनसाठी आणीबाणीची परवानगी घ्यावी लागत होती, आणि युरोपात अशी परवानगी एका वेळी जास्तीत जास्त १२० दिवसांची असते.

आमचं पहिलं वर्ष फुकट गेलं, आणि हा धागा मुख्यतः त्यासाठीच काढते आहे.

सोसायटीने सगळ्यात स्वस्त दर देणारा ठेकेदार ठरवला. तो आला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी दोन वाजता. पाच आठवडे पाऊस नव्हता. ड्रिलचं पातं बोथट होतं; भोकातून भुसा यायच्या ऐवजी जळक्या लाकडाचा वास आणि तपकिरी पीठ येत होतं. त्याने आधी सगळ्या झाडांना भोकं पाडून घेतली, मग गाडीतून औषध आणायला गेला. तोवर भोकांच्या तोंडाशी राळेचे थेंब जमले होते. औषध दाबून सोडलं तर ते सालीवरून ओघळून खाली आलं. मी तिथेच उभी होते. काहीतरी चुकतंय हे दिसत होतं, पण काय ते सांगता येत नव्हतं. त्या शरद ऋतूत एक झाड तांबूस पडलं आणि मार्चमध्ये कापावं लागलं. बुंध्याजवळची साल सोलली तेव्हा आत भुंगेऱ्यांची बोगद्यांची नक्षी होती.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एक कृषितज्ज्ञ बाई आल्या. मे महिना, दोन दिवसांपूर्वी पाऊस झालेला, सकाळचे साडेसात. त्यांनी आधी प्रत्येक खोडाचा घेर टेपने मोजला आणि त्यावरून भोकांची संख्या ठरवली. पातं नवं, धारदार; प्रत्येक झाडानंतर ते स्पिरिटने पुसायच्या. एक भोक पाडलं की लगेच नळी बसवायची, मगच पुढचं. भुसा पांढरा, ओलसर आणि लांब कुरळ्या सालपटांसारखा यायचा. त्या म्हणाल्या, असा भुसा दिसला की झाड पितंय समजायचं. पहिल्या झाडाने औषध घ्यायला जवळपास चाळीस मिनिटं घेतली. कुणीही दाब वाढवला नाही. आम्ही खाली उभे राहून नळीतली पातळी उतरताना पाहत होतो.

सहापैकी पाच झाडं आज छान आहेत. सहावं अजून झगडतंय.

या मंचावर माडवाले, द्राक्षवाले, वनस्पतिशास्त्रवाले बरेच जण आहेत. तुमच्याकडून ऐकायचं आहे.

---

गुहागरचा_माड

ताई, वाचून अंगावर काटा आला, कारण बोथट पात्याची चूक आमच्याकडेही होते. फक्त आम्ही खोडाऐवजी मुळातून देतो.

१९९८ मध्ये केरळात एर्नाकुलमला नारळावर एरिओफाइड कोळी (डोळ्यांना न दिसणारी बारीक कीड) सापडला आणि मग तो आमच्या कोकणात आला. तेव्हा कृषी विद्यापीठाची माणसं बागेत येऊन शिकवून गेली. माडाच्या बुंध्यापासून थोडं दूर उकरायचं, पेन्सिलीएवढं जिवंत, विटकरी रंगाचं मूळ शोधायचं. पांढरं कोवळं नको, काळं म्हातारं नको. त्याला तिरका काप द्यायचा, ५ टक्के अझाडिरॅक्टिन (कडुनिंबातलं कीडनाशक) ७.५ मिली आणि तेवढंच पाणी छोट्या पिशवीत घालून मूळ त्यात बुडवून बांधायचं. संध्याकाळी पाहिलं की पिशवी रिकामी. त्याआधी तयार नारळ उतरवायचे आणि पुढचे पंचेचाळीस दिवस माडाला हात लावायचा नाही.

मूळ निवडण्यातच सगळं आहे. काप देताना मूळ चिरडलं तर पिशवी दुसऱ्या दिवशीही भरलेलीच राहते. माझे वडील कोयती वापरू द्यायचे नाहीत, दाढीचं नवं ब्लेड लागायचं.

माझा प्रश्न असा: तुमच्या पाइनला मुळातून का नाही देत? भोकं तरी वाचतील.

---

पाइनखाली

माडदादा, नव्या ब्लेडची गोष्ट मी त्या बाईंना नक्की सांगणार आहे.

मुळांबद्दल मीही त्यांना विचारलं होतं. आमच्या पाइनची मुळं फरशी आणि डांबराखाली आहेत. उकरायचं म्हणजे अंगण फोडायचं. शिवाय एवढ्या मोठ्या झाडाच्या एका मुळाने सगळ्या माथ्याला औषध पोचत नाही, म्हणून खोडाच्या चारी बाजूंनी द्यावं लागतं.

---

हिरवी_पाटी

मी वनस्पतिशास्त्र शिकवते (आता निवृत्त), म्हणून थोडं मास्तरकीने लिहिते.

माड आणि पाइन यांत मूलभूत फरक आहे. माड एकदल. त्याच्या खोडाला सालीखाली वाढीचा थर नसतो, त्यामुळे खोडाला पाडलेलं भोक आयुष्यभर तसंच राहतं. म्हणून नारळात मुळातून देण्याचा मार्ग शहाणपणाचा. पाइनला वाढीचा थर असतो, तो भोकावर हळूहळू नवं लाकूड चढवतो. पण आतलं जखमी लाकूड पुन्हा कधी जिवंत होत नाही. झाड त्याच्याभोवती भिंत बांधून ते वेगळं काढतं. म्हणजे प्रत्येक भोक ही झाडाच्या अंगात कायमची राहणारी जखम आहे. दरवर्षी त्याच पट्ट्यात भोकं पाडत गेलो तर काही वर्षांनी औषध वर जायला सलग लाकूडच उरत नाही.

दुसरी गोष्ट राळेची. आंबा, वड, कडुनिंब यांच्या लाकडात लांब पोकळ नळ्या असतात, पाणी त्यातून धावतं. पाइनमध्ये त्या नसतात. तिथे अगदी अरुंद, टोकांना बंद अशा पेशी असतात आणि पाणी एका पेशीतून दुसरीत बाजूच्या बारीक छिद्रांतून झिरपतं. म्हणून चाळीस मिनिटं लागली. जोरात दाब दिला तर औषध वर न जाता साल आणि लाकूड यांच्यामध्ये शिरतं आणि साल सुटते. त्यात लाकडात राळेच्या नलिका असतात. जखम झाली की झाड ताबडतोब तिथे राळ ओततं. झाडाच्या दृष्टीने भुंगेरा आणि ड्रिल यांत काही फरक नाही. तुमच्या पहिल्या ठेकेदाराने भोकं पाडून औषध आणायला जाणं म्हणजे झाडाला दार लावून घ्यायला वेळ देणं होतं.

आणि ऑगस्टच्या दुपारी कोरड्या मातीत पाइन पानांवरची रंध्रं मिटून घेतो. वर ओढच नसेल तर औषध चढणार कशाने?

---

मधुबन_महाबळेश्वर

मी मधमाश्या पाळतो. मला इथे स्पष्ट बोलायचं आहे. आबामेक्टिन मधमाश्यांना अत्यंत विषारी आहे, पाण्यातल्या जिवांनाही. पाइनला फुलांचा मध नसतो, परागण वाऱ्याने होतं, हे मला माहीत आहे. पण तुम्हीच लिहिलंत की झाडावरून चिकटा टपकतो. माश्या तो चिकटा गोळा करतात. युरोपात तर अशा मधाला 'जंगलाचा मध' म्हणून भाव आहे. मग इंजेक्शन दिलेल्या झाडाच्या चिकट्याचं काय?

---

पाइनखाली

दादा, हा प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. आमच्या तज्ज्ञ बाईंनी सोसायटीच्या बैठकीत पहिला मुद्दा हाच काढला होता. त्यांचं म्हणणं असं: फवारणीत औषध हवेत, गवतावर, खालच्या फुलांवर, नाल्यात सगळीकडे जातं, इंजेक्शनमध्ये ते झाडाच्या आत राहतं. पण "आत" म्हणजे शून्य धोका असं त्यांनी कधीच म्हटलं नाही. म्हणून आम्ही दोन गोष्टी करतो. कीड पहिल्यांदा हलायला लागते त्या वसंतातच औषध देतो, म्हणजे चिकटा वाढायच्या आधी. आणि आजूबाजूला पेट्या ठेवणाऱ्या दोघांना आठवडाभर आधी कळवतो. एक आजोबा त्या दिवसांत पेट्या मुलाच्या शेतावर हलवतात.

शेंगदाण्यासारखी गोड पाइन-बी इथे पास्त्यात, पेस्तोत घालतात. तीही आम्ही या झाडांखालची उचलत नाही. या झाडाचं शंकूफळ पिकायला तीन वर्षं लागतात, म्हणजे आज औषध दिलेल्या झाडावर तीन वयांची फळं एकदम लटकलेली असतात. कुठलं कधीचं हे खालून कळत नाही, त्यामुळे सगळीच सोडून द्यायची.

---

मधुबन_महाबळेश्वर

पेट्यावाल्यांना आधी सांगता हे वाचून बरं वाटलं. आमच्या भागात फवारणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीसमोर मेलेल्या माश्यांचा थर पाहिल्यावर कळतं की शेजाऱ्याने काल काही मारलं. एक फोन पुरेसा असतो.

तरी माझं मत आहे: दरवर्षी सरसकट देऊ नका. कीड दिसली त्याच झाडाला.

---

ओसाकाहून

जपानमध्ये पाइनला इंजेक्शन ही रोजची गोष्ट आहे, पण शत्रू वेगळा. इथे सूत्रकृमी आहे, डोळ्यांना न दिसणारा, तोही मूळचा उत्तर अमेरिकेचा. लांब मिशांचा भुंगेरा त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. नागासाकीकडे १९०५ मध्ये झाडं मरताना नोंदली गेली, पण कारण सूत्रकृमी आहे हे सिद्ध व्हायला १९७१ उजाडलं. साठ-पासष्ट वर्षं लोक भुंगेऱ्यांनाच दोष देत राहिले.

इथल्या देवळांच्या आणि बागांच्या जुन्या पाइनना हिवाळ्यात, भुंगेरे बाहेर पडायच्या आधी, खोडाला छोट्या बाटल्या खोचलेल्या दिसतात. एका खोडाला कधी पाच-सहा. माझ्या घराजवळच्या देवळात मी दर फेब्रुवारीत त्या पाहते. पण सूत्रकृमी आत शिरल्यावर या बाटल्यांचा उपयोग नाही. झाड लाल पडायला लागलं की ते कापून, लाकूड तिथून हलवून जाळावं किंवा बारीक करावं लागतं. पाइनखाली ताई, तुमचं पहिलं झाडही बहुधा भुंगेरा सालीखाली गेल्यावरच इंजेक्शनच्या वाट्याला आलं.

एक आणखी: आबामेक्टिन ज्या घराण्यातलं, ती औषधं तयार करणारा जीवाणू जपानच्याच मातीत सापडला. इतो शहराजवळ, एका गोल्फ मैदानाच्या शेजारच्या मातीत. सातोशी ओमुरा यांनी तो वेगळा केला, अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांनी त्यावर पुढे काम केलं, आणि २०१५ चं अर्धं वैद्यकीय नोबेल या दोघांना मिळालं. ते मिळालं आयव्हरमेक्टिनसाठी, म्हणजे आफ्रिकेतल्या नदी-अंधत्वाच्या औषधासाठी. आबामेक्टिन त्याचंच भावंड.

---

तासगावची_द्राक्षं

वरच्या चर्चेत मुंग्या कुणी घेतल्याच नाहीत. ताईंनी पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय: बाकावर मुंग्यांच्या रांगा.

द्राक्षावर पिठ्या ढेकूण येतो तेव्हा आम्ही आधी मुंग्यांचा बंदोबस्त करतो. मुंग्या चिकट्यासाठी किडीची राखण करतात, मित्रकीटक जवळ आला की हुसकावतात. खोडाला चिकट पट्टा बांधला की मुंगी वर जात नाही आणि ढालकिडे मोकळेपणी जेवतात. आम्ही क्रिप्टोलिमस नावाचा ढालकिडा सोडतो. प्रौढ किडा काळा, डोकं नारिंगी. अळी मात्र हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी, पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्यांची. नवखा मजूर मित्राची अळीच चिरडून टाकतो. मी दर हंगामात गड्यांना भिंग देऊन दाखवतो: जी वेगाने पळते ती आपली.

हा किडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १८९८ मध्ये भारतात आणला गेला. तुमच्याकडे तो आहे का?

---

पाइनखाली

आहे! लिंबूवर्गीय बागांसाठी तो इथे फार पूर्वीच आणला गेला आणि आता या कासवांवरही ताव मारताना दिसतो. त्या पांढऱ्या झिपऱ्यांच्या अळ्या गेल्या जूनमध्ये आमच्या तिसऱ्या झाडाच्या खालच्या फांदीवर होत्या, आणि शेजारच्या काकांनी नवी कीड समजून पाण्याच्या फवाऱ्याने त्या पाडल्या. तुमची पोस्ट आधी आली असती तर वाचल्या असत्या. चिकट पट्टा या रविवारीच बांधते.

---

हिरवी_पाटी

तासगावकरांनी मुद्दा मांडलाच आहे, तर पपईची आठवण काढते. २००८ मध्ये कोइमतूरकडे पपईवर परदेशी पिठ्या ढेकूण आला आणि पुढच्या दोन वर्षांत आपल्या पुण्याकडच्या बागांपर्यंत पोचला. फवारण्यांनी काही होईना. २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून इवल्या परोपजीवी गांधीलमाश्या आणल्या, त्या वाढवून सोडल्या, आणि कीड आटोक्यात आली. नारळावर २०१६ मध्ये पांढऱ्या माशीची नवी जात आली तेव्हाही तज्ज्ञांनी सांगितलं की औषध मारू नका, तिचा परोपजीवी कीटक मागोमाग आलाच आहे, त्याला जगू द्या.

इंजेक्शनने पाइन काही वर्षं तगून राहील. पण दर दोन वर्षांनी नवी भोकं पाडून झाड म्हातारं होईपर्यंत निभावता येणार नाही. त्या काळात मित्रकीटक रुजले पाहिजेत, आणि त्यासाठी काही झाडं औषधाशिवाय ठेवावी लागतील. हा निर्णय कठीण आहे, मला कळतं.

---

वाटसरू_ठाणे

मी बाहेरचा माणूस, पण विचारतो. एवढा खर्च आणि एवढं विष यापेक्षा ही झाडं काढून दुसरी देशी झाडं का लावत नाहीत? पाइन वादळात पडतातही, मुळं रस्ते उचलतात असं वाचलंय.

---

पाइनखाली

दादा, आमच्या सोसायटीतही हाच प्रश्न अर्ध्या लोकांनी विचारला. मुळं डांबर उचलतात हे खरं आहे. माझी स्वतःची सायकल त्यावरून आपटली आहे. पण आमची झाडं १९३० च्या दशकातली आहेत. आज लावलेलं रोपटं एवढी सावली द्यायला माझं उरलेलं आयुष्य पुरणार नाही.

शिवाय "काही केलं नाही तर काय होतं" याचं उदाहरण समोर आहे. कॅरिबियनमधल्या टर्क्स आणि कैकोस बेटांवर हीच कीड २००५ मध्ये सापडली. बहुधा नाताळसाठी बाहेरून आणलेल्या झाडांबरोबर आली असं मानतात. तिथला कॅरिबियन पाइन हे त्यांचं राष्ट्रीय वृक्ष. थोड्याच वर्षांत नव्वद टक्क्यांहून जास्त झाडं गेली. लंडनच्या क्यू उद्यानाच्या मदतीने बिया गोळा करून रोपवाटिकेत झाडं वाढवावी लागली, एका जंगलाची आठवण कुंड्यांमध्ये जपावी लागली. तिथे इंजेक्शनं द्यायला बागेतली मोजकी झाडं नव्हती, सगळं रानच होतं. माझ्या अंगणात सहा झाडं आहेत. सहा झाडांपर्यंत माझा हात पोचतो.

---

मिलानची_विद्यार्थिनी

ताई, माझ्या घरमालकीणबाईंच्या अंगणात एक पाइन आहे, सुया काळ्या पडल्यात. ऑनलाइन इंजेक्शनची छोटी किट मिळतात. मी स्वतः देऊ का? आणि ही तीच कीड आहे हे कसं ओळखू?

---

पाइनखाली

अगं, स्वतः मुळीच देऊ नकोस. हे औषध वापरायला इथे परवाना लागतो, आणि आबामेक्टिन हातावर, डोळ्यात जायला नको.

ओळखणं मात्र तुला जमेल. खालची एखादी फांदी वाकव. कोवळ्या काडीवर, सुयांच्या मुळाशी, तपकिरी घट्ट गोळे चिकटलेले दिसतील. टाचणीने एक टोच: ओला रस आला तर जिवंत, कोरडं पापुद्र्यासारखं फुटलं तर मेलेलं. फांदीखाली पांढरा कागद धरून दोनदा हलव आणि भिंगातून पाहा. नारिंगी ठिपके चालत असतील तर ती पिल्लं. फोटो काढ आणि तुझ्या प्रांताच्या वनस्पती-आरोग्य कार्यालयाला पाठव. ही कीड नव्या ठिकाणी दिसली तर त्यांना कळायलाच हवं. फ्रान्समध्ये २०२१ ला सेंट ट्रोपेला सापडली तेव्हा लगेच तोडणी आणि तपासण्या सुरू झाल्या. आणि तोडलेली फांदी गाडीत घालून कुठे नेऊ नकोस.

---

गुहागरचा_माड

ताई, सहावं झाड कसं आहे? तेवढं सांगा.

---

पाइनखाली

आजच पाहून आले, म्हणून उशिरा लिहिते.

काळ्या सुया अजून आहेत. या झाडाची सुई दोन-तीन वर्षं टिकते, त्यामुळे औषध लागू पडलं तरी जुना काळेपणा लगेच जात नाही; पहिल्या वर्षी मी त्यामुळेच निराश झाले होते. पाहायचे असतात ते टोकाचे नवे कोंब. शेजाऱ्यांची शिडी लावून दक्षिणेकडची एक फांदी जवळून पाहिली. बोटभर लांबीचे सात कोंब आहेत, फिकट हिरवे, सुया जोडीजोडीने उघडतायत. कागदावर हलवलं तर तीन पिल्लं पडली. गेल्या वर्षी याच फांदीखाली मोजता येत नव्हती. उत्तरेकडची बाजू मात्र विरळच आहे, तिथून आकाश दिसतं.

तज्ज्ञ बाईंना फोन केला. हिरव्या पाटी ताईंचं म्हणणं त्यांना जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, या वर्षी या झाडाला भोक नको, पाणी द्या. पाच बरी झाडंही एकदम नको, त्यांतल्या ज्या दोनांवर कीड वाढलेली दिसेल त्यांनाच मेमध्ये, आणि जुन्या भोकांपासून दूर. चिकट पट्टे सहाही झाडांना बांधले. शेजारच्या काकांना पांढऱ्या झिपऱ्यांच्या अळीचा फोटो छापून दिलाय, त्यांनी तो जिन्यात नोटीस फलकावर लावला आहे.